दलदलीची काळजी करू नका

लुंड, स्वीडन

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. जेवणाचं, थंडीचं फोनवर झालंच आहे. आई, रुतायची भीती मनातून काढ. इथल्या उत्तरेकडच्या अबिस्कोच्या दलदलीत फळ्यांची वाट घातली आहे. चिखलावर पाय पडला की बुडबुडे फुटतात आणि दलदलीतून निघणाऱ्या मिथेन वायूची मोजणी फुकट जाते, म्हणून फळी सोडायचीच नाही. उघड्या हवेत मिथेन बाधत नाही. आणि वर्षाचे बहुतेक दिवस मी संगणकापुढेच असते.

बाबा, संगणकात दलदल कशी मांडतात विचारलंत ना? आपलं खाचर डोळ्यांपुढे आणा. पाणी तुंबलं की चिखलातला प्राणवायू संपतो, मग कुजणाऱ्या मुळांवर जगणारे जिवाणू मिथेन सोडतात. तो पाण्यात विरघळून वर येतो, बुडबुड्यांतून येतो, नाहीतर लव्हाळ्याच्या, भाताच्या पोकळ देठांतून. देठातून आला की वरच्या थरातल्या मिथेन खाणाऱ्या जिवाणूंना तो सापडतच नाही. पाणी थोडं खाली उतरलं की मात्र त्यांचं फावतं. म्हणून जमिनीचे अक्षांश-रेखांशांच्या अर्ध्या अंशाचे चौकोन पाडून प्रत्येकात ओली जागा किती, पाणी किती खोल, माती किती गरम, कर्ब किती, हे धरायचं. त्याआधी मातीतला कर्ब स्थिरावेपर्यंत मॉडेल, म्हणजे संगणकातली ही मांडणी, संगणकातली शेकडो वर्षं नुसतं फिरवायचं.

चुकतं ते बहुधा नकाशात. एकच तळं तळ्यांत आणि दलदलीत असं दोनदा मोजलं जातं. काही मॉडेलं माती शून्य अंशाला आली की वायू बंद करतात. खरी माती कित्येक आठवडे शून्यावर अडून राहते आणि वायू चालूच असतो. 2008 ते 2017 मध्ये पाणथळींचा मिथेन मॉडेलांनी वर्षाला 14.9 कोटी टन धरला, हवेतल्या मोजणीवरून उलट काढला तर 18.1 कोटी. ही तफावत मला स्वस्थ बसू देत नाही.

इथे कपडे धुवायलाही पाळी लावतात. इमारतीला एकच धुलाईखोली. फळ्यावर तारखा आणि वेळा, प्रत्येक घराचं नंबराचं छोटं कुलूप. हव्या त्या वेळेच्या भोकात ते अडकवायचं, की ते तीन-चार तास आपले. निघताना गाळणीतला कापूस काढायचा, फरशी पुसायची. विसरलं तर दारावर चिठ्ठी!

छोटीच्या लग्नासाठी 60 हजार पाठवले आहेत, कौलांचे पुढच्या महिन्यात. बाबा, सोसायटीचं कर्ज काढू नका. माझ्यासाठी आलेल्या स्थळाचा फोटो पाहिला, मुलगा चांगला वाटतो, पण आत्ताच हो म्हणू नका. छोटीच्या हळदीला पोचत नाही, लग्नाच्या सकाळी नक्की येते. आई, लावणीला यंदाही तू एकटीच वाकलीस. कंबरेचं औषध चुकवू नकोस.

तुमची,
थोरली