नॉर्थ शोअरच्या ट्रेलवर पाण्याची वाट ओळखायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काकांस,

सप्रेम नमस्कार.

कॅनडातल्या नॉर्थ शोअर भागात, नॉर्थ व्हँकुव्हरच्या माउंट फ्रोम या डोंगरावरून जंगलातून उतरणाऱ्या माउंटन बाइकच्या ट्रेलवर आज मी ज्या विश्वासाने सायकल चालवते, तो मला तुमच्यामुळे लाभला आहे. हे इथल्या आणि तिकडच्या मराठी मंडळींसमोर उघडपणे सांगावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. उतरण्याचे तंत्र तुम्ही शिकवलेतच, पण त्याआधी माझ्या हाती फावडे दिलेत, आणि त्याबद्दल मी तुमची अधिक ऋणी आहे.

इथला पाऊस सह्याद्रीतल्या पावसासारखा चार महिने कोसळून निरोप घेत नाही. तो ऑक्टोबरपासून थेट वसंतापर्यंत रेंगाळतो, आणि सीडर, हेमलॉक व डग्लस फर या झाडांच्या दाट सावलीत जमिनीला वाळायला सवड मिळत नाही. अशा उतारावर सायकलींची चाके सतत फिरत राहिली की वाटेची नाली होते, नालीतून पाणी धावते, पाण्याबरोबर माती जाते आणि झाडांची मुळे उघडी पडतात. मुळांचे हे जाळे पाहून नव्याने आलेला माणूस हे जंगल मुळातच असे आहे असे समजतो. त्यातली कितीतरी मुळे एकेकाळी मातीखाली होती, हे तुम्ही वाकून, बोटाने दाखवलेत म्हणून मला कळले.

दुरुस्तीच्या दिवशी तुमच्याबरोबर काम करताना मी जे पाहिले, ते अजून डोळ्यांसमोर आहे. वरचा काळा, पालापाचोळ्याचा थर पाणी धरून ठेवतो आणि त्याचा चिखल होतो, म्हणून तो बाजूला सारून खालची तांबूस-पिवळी माती खणायची, बादल्यांनी वाहून आणायची आणि थर देऊन चोपायची; खणलेला खड्डा लाकडाच्या ओंडक्यांनी व पाल्याने पुन्हा बुजवायचा. वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवायची, सलग उतारात मध्येच छोटासा चढ द्यायचा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता कडेने बाहेर पडते. डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक तीव्र वाट शक्यतो काढायची नाही, कारण तशी वाट पाण्यालाही तितकीच सोयीची होते. जिथे माती टिकणारच नाही, तिथे सपाट दगड खोलवर रुतवून फरशी घालायची. भोरकडच्या तुमच्या गावी भाताच्या खाचरांचे बांध घालताना पाणी कुठून फुटेल हे हेरणारी जी नजर तुम्हाला लहानपणीच मिळाली, तीच नजर तुम्ही इतक्या दूरच्या डोंगरावर कामाला लावलीत, आणि काही न राखता ती मलाही दिलीत.

सायकल चालवणे त्यानंतर सोपे झाले, असे मी पूर्ण विचार करून लिहिते. बॉबस्लेड या ट्रेलच्या वळणांना बाहेरच्या बाजूने मातीची भिंत आहे. ती चाकाला आधार देण्यासाठी बांधली आहे हे ठाऊक असल्यामुळे वळणाआधीच वेग कमी करून, वळणात ब्रेक सोडून तिच्यावर निर्धास्त भार टाकता येतो. सेव्हन्थ सीक्रेट या ट्रेलवर ओली मुळे आडवी येतात, तेव्हा पॅडल समपातळीत, टाचा खाली, कोपरे बाहेर आणि नजर पुढच्या वळणावर ठेवून, ब्रेकला हात न लावता ती काटकोनात ओलांडायची, हे तुम्ही शांतपणे पुनःपुन्हा सांगितलेत. मागचे चाक जाम करून घसरत उतरू नये, या तुमच्या आग्रहाचे कारण मला फावडे चालवल्यावर उमगले: घसरलेले चाक जी रेघ ओढते, तिच्यातूनच पुढच्या पावसाचे पाणी वाट काढते. चिखलाचे डबके टाळण्यासाठी कडेने गेले की वाट रुंदावते आणि शेजारची फर्न तुडवली जातात, म्हणून सरळ डबक्यातूनच जायचे, हेही त्यातलेच. सायकलस्वाराची सुरक्षितता आणि वाटेचे आयुष्य या दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून सांभाळल्या जातात, असे मला इतर कोणीही इतक्या स्पष्टपणे समजावले नव्हते.

या डोंगरांचा इतिहासही तुम्ही आदराने सांगितलात. टॉड फियांडर आणि डॅन कावन यांच्यासारख्या माणसांनी सीडरचे ओंडके फोडून शिडीसारखे पूल बांधले आणि उतरण्याची एक नवी शैलीच जगाला दिली. पुढे 1997 मध्ये नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन स्थापन झाली. जुने लाकडी पूल कुजल्यावर अनेक ठिकाणी दगडमातीची वाट झाली, आणि हे काम आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालते. या वाटांवर तिकीट नाही. म्हणूनच, माझ्या मते, वर्षातला काही वेळ इथे कुदळ हाती घेणे हे प्रत्येक नियमित सायकलस्वाराचे कर्तव्य आहे.

सत्तरीकडे झुकलेला एक मराठी गृहस्थ आणि चाळिशीत सायकल शिकू पाहणारी मी, या जोडीकडे पहिल्यांदा काहींनी कुतूहलाने पाहिले असेल. तुम्ही मात्र प्रत्येकाशी माझी ओळख कामातली सोबतीण म्हणून करून दिलीत. काकूंनी पाठवलेले धपाटे सगळ्यांत वाटले जात, त्यासाठी त्यांचेही मनापासून आभार.

तुमचा गुडघा आता डोंगरावर जाणाऱ्या माउंटन हायवे या रस्त्याचा चढ चढू देत नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही सांभाळत होतात तो भाग या शरदात मी आणि आणखी काहीजणींनी मागून घेतला आहे. पाऊस सुरू झाला की मोठ्या खडकाखाली पाणी साचू लागेल. तिथला चर उजवीकडे काढावा की वरच्या बाजूला चढ देऊन पाणी आधीच वळवावे, यावर आमचे एकमत झालेले नाही. छायाचित्रे घेऊन येत्या रविवारी तुमच्या घरी येते.

आपली कृतज्ञ,
बर्नबीहून तुमची एक विद्यार्थिनी