रंगावरून बेडूक ओळखू नका

महोदय,

पावसाळा लागला की आंबोली घाटातून इवल्याशा झाडबेडकांचे फोटो फिरू लागतात. रंग जरा निराळा दिसला की खाली ‘दुर्मीळ’, ‘नवी जात’ असे शेरे पडतात. वास्तविक झुडपांवरच्या या बेडकांत, म्हणजे ‘बुश फ्रॉग’मध्ये, रंग हीच सर्वांत बेभरवशाची खूण. एकाच जातीत पिवळट, राखाडी, तपकिरी, पट्ट्यांचे, बिनपट्ट्यांचे असे सगळे नमुने सापडतात.

आधी बोटे पाहावीत. टोकांना चपट्या गोल गाद्या हव्यात. मग लांबी, नाकाच्या टोकापासून धडाच्या शेवटापर्यंत. बुश फ्रॉगचा वयात आलेला नर साधारण दोन ते साडेतीन सेंमीच असतो. फसगत होते ती न्हाणीघरात शिरणाऱ्या मोठ्या झाडबेडकाच्या पिल्लांमुळे, कारण गाद्या त्यांनाही असतात. पण पिल्लू ओरडत नाही. अडीच सेंमीचा बेडूक गळ्याखाली फुगा फुगवून ‘टिक टिक टिक’ करत असेल, तर तो पिल्लू नव्हे.

जात ठरवायला आवाजच कामी येतो. मोबाईल मीटरभर अंतरावर धरून दोन मिनिटे सलग ध्वनिमुद्रण करावे. वेळ, हवेचे तापमान आणि बेडूक जमिनीपासून किती उंच बसला होता, हे लिहून ठेवावे. गार हवेत टिकटिक मंदावते, त्यामुळे तापमानाविना दोन मुद्रणांची तुलना फसवी ठरते. फोटो वरून, बाजूने आणि पंजाचा जवळून, असे तीन पुरेत. हातात मात्र घेऊ नये. डास पळवायचे मलम लावलेला हात त्या ओल्या, शोषून घेणाऱ्या कातडीला घातक असतो.

अधिवासाबाबतचा गैरसमज याहून महागात पडतो. बेडूक म्हणजे डबके, हे इथे लागू नाही. बुश फ्रॉगची अंडी ओल्या पाचोळ्यात किंवा पानांवर असतात आणि त्यांतून शेपटीवाले डिंभ न निघता थेट चिमुकले बेडूक बाहेर पडतात. तळी राखून त्यांचे भागत नाही. कंबरेएवढी झुडपे आणि खालचा पाचोळा हेच त्यांचे घर. 2009 साली ज्याचे शास्त्रीय वर्णन झाले, तो आंबोलीच्या नावाचा बुश फ्रॉगही रस्त्याकडेच्या अशाच झाडोऱ्यात ओरडताना दिसतो. नेमका तोच झाडोरा ऐन जून-जुलैत यंत्राने सपाट केला जातो. आडोसा गेला की पाचोळा उघडीपीत सुकतो आणि अंडी वाळून जातात. वळणावर वाहनचालकांना दिसण्यापुरती छाटणी हवीच, पण ती मेअखेर उरकावी; उरलेली ऑक्टोबरनंतर करावी.

– एक वाचक, सावंतवाडी