शेवटच्या क्वार्टरमध्ये कोण होतं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर हल्ली अमेरिकेतल्या बास्केटबॉललाही जागा मिळते, ही चांगली गोष्ट. पण वय झालेला एखादा मोठा खेळाडू पहिल्या पाचांतून बाहेर बसला की मथळा ठरलेला: ‘डच्चू’ नाहीतर ‘हकालपट्टी’. हे शब्द क्रिकेटचे. तिथे अकरातून गेलेला गडी त्या दिवशी परत फलंदाजीला येत नाही. बास्केटबॉलमध्ये एकच खेळाडू कितीदाही आत-बाहेर होतो. सुरुवातीला बसलेला माणूस शेवटची पाच मिनिटं मैदानात असू शकतो, आणि चुरशीचा सामना बहुतेक वेळा तिथेच ठरतो.

क्ले थॉम्पसनचं घ्या. गोल्डन स्टेट संघाकडून चार विजेतेपदं. २०१५ मध्ये एकाच क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी एकात, ३७ गुण. पुढे गुडघा गेला, त्यातून उठतो न उठतो तोच टाचेमागची शीर तुटली, दोन हंगाम वाया गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला बाकावर बसवलं. पहिल्या हंगामानंतर अशी वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्या रात्री युटाविरुद्ध बाकावरून उठून त्याने ३५ गुण केले. तरी त्याच उन्हाळ्यात तो डॅलसला गेला. कराराचा, पैशाचा भाग होताच, पण मन त्याआधीच उठलं असावं असं मला वाटतं. ॲलन आयव्हरसनने तर २००९ मध्ये मेम्फिसला तीन सामन्यांतच रामराम ठोकला. बाकावरून येणं त्याला मंजूर नव्हतं.

याला अहंकार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. थोडा असतोही. पण ज्याने गुडघ्याला पट्टा बांधून खेळलंय त्याला दुसरी बाजू ठाऊक आहे. वॉर्मअप करून अंग तापवायचं आणि मग सात-आठ मिनिटं बसून राहायचं. पंचविशीतल्या पोराला काही होत नाही, चाळिशीकडे झुकलेला गुडघा तेवढ्यात आखडतो. लॅरी बर्ड पाठीच्या दुखण्यामुळे बाकाशेजारी जमिनीवर पालथा पडून राहायचा, ते काही नाटक नव्हतं. त्यात नेमबाजाचा हात चालायला चार शॉट लागतात आणि बाकावरून आलेल्याला ते मिळतीलच असं नाही. दोन चुकले की प्रशिक्षक परत बोलावतो.

आमच्या भुसावळात रेल्वेतल्या नोकरदारांच्या संघांनी हा खेळ जिवंत ठेवला. मे महिन्यात इथे संध्याकाळी सातलाही सिमेंटचं कोर्ट बुटातून चटके देतं, म्हणून सामने दिवे लावून होतात. आमच्या संघात एक ज्येष्ठ खेळाडू होते, सगळे त्यांना दादाच म्हणत. बोर्डाला लावून टाकायचा त्यांचा शॉट हुकलेला क्वचितच पाहिला. प्रशिक्षकाने त्यांना सहावा खेळाडू, म्हणजे बाकावरून पहिला उतरणारा, केलं तेव्हा ते मला म्हणाले, ‘‘मी काय आता पोरांना पानी पाजाले बसू का रे भो?’’ दोन सामने आलेच नाहीत. मग आले. शेवटच्या क्वार्टरला उतरायचे आणि थकलेल्या पोरांमध्ये त्यांचा शांतपणा उठून दिसायचा. त्यांच्याकडे एक जुनी डायरी आहे, तीत आपल्यासारख्या वर्तमानपत्रांची कात्रणं डकवलेली. प्रत्येकात ‘सर्वाधिक गुण’ आणि पुढे त्यांचं नाव. सहावा खेळाडू झाल्यानंतरचं एकही कात्रण त्या डायरीत नाही, कारण तसं काही छापूनच आलं नाही. (डायरीत पानं शिल्लक आहेत, मी पाहिली.)

म्हणून मला खेळाडूंइतकीच तक्रार आपल्या बातमीदारीबद्दल आहे. मानू जिनोबिलीसारखा खेळाडू वर्षानुवर्षं बाकावरून आला, चार विजेतेपदं जिंकला, २००८ मध्ये सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा पुरस्कारही त्याला मिळाला. तिकडे या भूमिकेला १९८३ पासून स्वतंत्र पुरस्कार आहे. आपल्याकडे जिल्हा स्पर्धेच्या बातमीत विजेता, उपविजेता, एक नाव आणि बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांची लांबलचक यादी. यादीतले निम्मे पाहुणे सामना संपायच्या वेळी पोचलेले असतात, हे वेगळं सांगायला नको.

यासाठी जादा माणूस लागत नाही. गुणतक्त्यावर सगळं असतं. सुरुवातीच्या पाचांच्या नावापुढच्या फुलीला गोल केलेला असतो, नंतर उतरलेल्यांची फुली साधी. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरचे गुण लाल शाईत, दुसऱ्या आणि चौथ्याचे निळ्या-काळ्या. चौथ्यात कुणी किती केले ते पाच मिनिटांत मोजून होतं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आपल्या वार्ताहरांनी सामना संपल्यावर गुणलेखकाच्या टेबलावर जाऊन मोबाइलवर तेवढा एक फोटो काढावा आणि बाकावरून येऊन शेवटी गुण करणाऱ्याचं नाव बातमीत घ्यावं, एवढी विनंती. पाहुण्यांच्या यादीतून एक ओळ कमी केली तरी जागा होईल.

आपला,
एक जुना खेळाडू, भुसावळ