रिव्हरसाइडच्या बाकावर बसणाऱ्या लेकीस

चि. लेकीस,

सप्रेम सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आश्रय मागण्यासाठी अमेरिकेत आलेल्या आणि कोठडीत अडकून पडलेल्या माणसांना भेटायला जाणाऱ्या मंडळीच्या गटात तू सामील झालीस, हा मजकूर तुझ्या बाबांनी मला पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावला. त्याच पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की रविवारच्या भक्तीला बसण्यात तुला आता अर्थ वाटत नाही. गीते, उपदेश आणि प्रार्थना यांत जाणारा वेळ त्या माणसांच्या कामी लावला तर तीच खरी भक्ती होईल, आणि न्यूयॉर्कच्या ज्या रिव्हरसाइड चर्चमध्ये तू जातेस त्याचा खरा पराक्रम रस्त्यावरचा आहे, उपासनेतला नव्हे, असे तुझे म्हणणे. या शेवटच्या वाक्याशी मात्र माझे जुळत नाही. तू जिथे बसतेस त्या चर्चचा इतिहास मला जेवढा कळला आहे, तो वेगळेच काही सांगतो.

या चर्चची सुरुवात एका उपदेशातून झाली, हे ध्यानात घे. हॅरी इमर्सन फॉस्डिक या पाळकांनी १९२२ साली न्यूयॉर्कच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये कट्टरपंथीयांविरुद्ध उपदेश केला. पवित्र शास्त्र मानणाऱ्या माणसाला विज्ञान नाकारण्याची गरज नाही, आणि मतभेदापायी कोणाला मंडळीबाहेर काढणे ख्रिस्ताला शोभणारे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या उपदेशाने एवढा गदारोळ झाला की १९२५ साली त्यांना ते व्यासपीठ सोडावे लागले. तेव्हा जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी त्यांना आपल्या चर्चमध्ये बोलावले. देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसाचा पाळक म्हणून मला ओळख नको, असे फॉस्डिक म्हणाले. तुमच्या धर्मविचारांवरून लोक मला जेवढी नावे ठेवतील, त्याहून जास्त नावे माझ्या पैशावरून तुम्हाला ठेवतील असे वाटते का, असा प्रश्न रॉकफेलर यांनी उलट विचारला. अखेर फॉस्डिक यांनी अटी घातल्या: चर्च कोण्या एका पंथाचे नसावे, कोणालाही पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला भाग पाडू नये, आणि इमारत उच्चभ्रू वस्तीत नसावी. त्या अटी मान्य झाल्या, आणि ५ ऑक्टोबर १९३० रोजी रिव्हरसाइडच्या या वास्तूत पहिली भक्ती झाली. पश्चिमेकडच्या दारावरच्या दगडी कोरीव कामात मोशेबरोबर डार्विन आणि आइन्स्टाइनही आहेत, ते याच विचारातून.

ज्या पैशाने ती वास्तू उभी राहिली त्याचाही विसर पडू देऊ नकोस. १९१४ साली कोलोरॅडोत लडलो येथे रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातल्या कंपनीच्या संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला आणि त्यात बायका आणि मुलेही मेली. तुझ्या चर्चचे दगड इतके निष्कलंक नाहीत. म्हणूनच तिथल्या माणसांनी पापाची कबुली मनापासून द्यावी, आणि ती देण्याची जागा भक्तीतच असते, असे मला वाटते.

आता ४ एप्रिल १९६७ या तारखेकडे येते, कारण ती तूच पत्रात लिहिली आहेस. त्या मंगळवारी संध्याकाळी तीन हजारांहून अधिक लोक जमले होते. व्हिएतनाम युद्धाबद्दल चिंता वाटणाऱ्या धर्मगुरूंच्या आणि सामान्य श्रद्धावंतांच्या संघटनेने मार्टिन ल्यूथर किंग यांना बोलावले होते. तू त्या भाषणाला राजकीय भाषण म्हणतेस. मी ते संपूर्ण ऐकले आहे. युद्धाविरुद्ध बोलण्याची कारणे त्यांनी एकेक करून मांडली: गरिबांसाठीच्या योजनांचा पैसा युद्धाकडे वळला, काळ्या कुटुंबांतली मुले लोकसंख्येच्या मानाने जास्त मरत आहेत, आणि स्वतःचे सरकार एवढी हिंसा करत असताना आपण वस्तीतल्या संतप्त तरुणांना अहिंसा कोणत्या तोंडाने सांगणार. पुढे मात्र ते म्हणाले की आपण ख्रिस्ताचे सेवक आहोत, आणि शांततेसाठी का बोलता असे लोक आपल्याला विचारतात, याचेच आपल्याला नवल वाटते. ज्या ख्रिस्ताने वैऱ्यांवर एवढी प्रीती केली की त्यांच्यासाठी प्राण दिला, त्याची सुवार्ता व्हिएतनामी माणसासाठीही आहे, हे त्यांच्या दृष्टीने उघड होते. चांगल्या शोमरोन्याचा दाखलाही त्यांनी तिथेच घेतला. वाटेवर पडलेल्या माणसाला उचलणे ही सुरुवात झाली. एक दिवस यरीहोची ती वाटच बदलावी लागेल, म्हणजे तिच्यावरून जाणाऱ्या माणसांना सतत मारहाण आणि लूट सोसावी लागणार नाही. वाट बदलण्याची ही कल्पना त्यांना शास्त्राच्या मननातून मिळाली होती, आणि तिची किंमत त्यांनी मोजली. मोठ्या वर्तमानपत्रांनी अग्रलेखांतून त्यांना झोडपले, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या जुन्या सहकाऱ्यांनी हात झटकले, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन संतापले. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली. ज्याला आपले सगळे बळ टाळ्यांतून मिळते, तो माणूस असे एक वर्ष काढू शकला नसता. हेच किंग १९५९ साली भारतात आले तेव्हा मुंबईच्या मणिभवनात उतरले आणि गांधीजींच्या खोलीजवळ बसून चिंतनात वेळ घालवला, हेही मला विसरता येत नाही.

तुझ्या बाजूचाही एक दिवस आहे, आणि तो लपवणे मला पटणार नाही. ४ मे १९६९ हा प्रभुभोजनाचा रविवार होता. नागरी हक्कांच्या चळवळीतले कृष्णवर्णीय नेते जेम्स फोरमन भक्तीच्या मध्येच उठून पुढे आले आणि गुलामगिरीच्या भरपाईपोटी गोऱ्यांच्या चर्चनी आणि सिनेगॉगनी पन्नास कोटी डॉलर द्यावेत, ही मागणी वाचू लागले. त्यांचा आवाज दाबण्यासाठी ऑर्गन जोरात वाजवला गेला. पाळक अर्नेस्ट कॅम्पबेल, गायकवृंद आणि मंडळीतले पुष्कळ लोक उठून बाहेर पडले. फोरमन थांबून राहिले, आणि ऑर्गन थांबल्यावर त्यांनी उरलेल्यांना आपले निवेदन वाचून दाखवले. ज्या वाद्यावर आपण देवाची स्तुती करतो त्याच वाद्याने दुखावलेल्या माणसाचे बोलणे बुडवावे, याहून मोठी निंदा कोणत्याही भक्तीची होणार नाही. आमोस संदेष्ट्याने इस्राएलाच्या गीतांचा गोंगाट दूर करायला सांगितले, ते अशाच दिवसासाठी. तरीही गोष्ट तिथेच थांबली नाही. काही दिवसांतच कॅम्पबेल यांनी भरपाईमागचे तत्त्व योग्य असल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि मंडळीने पुढे सामाजिक न्यायासाठी वेगळा निधी उभारला. पुढे तिथले पाळक झालेले विल्यम स्लोन कॉफिन यांच्या काळातली अण्वस्त्रविरोधी मोहीम आणि १९९० साली तुरुंगातून सुटून आलेल्या नेल्सन मंडेलांचे तिथे झालेले स्वागत तुला ठाऊकच आहे. त्यावर मी पाने खर्च करत नाही.

जर्मन पाळक डिट्रिख बॉनहोफर मात्र सांगायला हवेत. १९३० साली ते तुझ्या चर्चला लागूनच असलेल्या युनियन सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या संस्थेत, शिकायला आले, आणि त्यांचे मन रमले ते हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या अ‍ॅबिसिनियन बाप्टिस्ट चर्चमध्ये. १९३९ साली ते पुन्हा न्यूयॉर्कला आले तेव्हा रिव्हरसाइडच्या भक्तीला गेले, आणि तिथला सुसंस्कृत, आत्मसंतुष्ट धर्म त्यांना अगदी सहन झाला नाही. त्यांना तिथे देवाचे वचन ऐकू आले नाही. काही आठवड्यांतच ते सुरक्षित अमेरिका सोडून जर्मनीला परतले, आणि १९४५ साली नाझींनी त्यांना फाशी दिली. त्यांचा निवाडा कठोर होता, पण तो तुझ्या उपयोगाचा आहे. उदार विचारांच्या चर्चला हा धोका कायमच असतो: योग्य बाजूला उभे असल्याचे समाधान एवढे वाढते की देवासमोर गुडघे टेकण्याचे कारणच उरत नाही.

आपल्या घराला हे परके नाही. आपल्या नगरला १८३१ साली आलेले अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा असे मानणाऱ्या, परंपरेचे होते. त्याच परंपरेतून पुढे युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट तयार झाले, आणि रिव्हरसाइड त्याच्याशीही संलग्न आहे. म्हणजे तू परक्या घरी गेलेली नाहीस. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उपाशी मुलींना केडगावी आणले, त्यांना हाताला काम दिले, अक्षर शिकवले, आणि त्याच मुक्तिसदनात १९०५ साली प्रार्थनेचे एवढे मोठे जागरण झाले. त्यांतले एक काढून दुसरे ठेवता येईल, असे मला वाटत नाही. आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्या जातीची सावली मंडळीतही आली, आणि राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत. त्यासाठी तुझे बाबा मोर्चाला गेले, तेव्हा ते सकाळची प्रार्थना करून गेले आणि परत आल्यावर ज्यांच्यावर राग होता त्यांचीही नावे घेऊन प्रार्थना केली. ज्या विद्यापीठात बाबासाहेब शिकले तिथे तू आज शिकतेस; अन्यायाबद्दल गप्प राहा, असे तुला या घरातले कोणी सांगणार नाही.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी फार वेळ थांबले. भेटीची वेळ संपताना कोठडीतल्या त्या बाईंनी काचेपलीकडून तुला विचारले, माझ्यासाठी प्रार्थना करशील का. आणि तुला शब्द सुचले नाहीत. त्यांनी तुझ्याकडे वकील मागितला नाही, पैसे मागितले नाहीत. ती मागणी तुझ्या गटातले दुसरे कोणी पुरी करू शकणार नाही, कारण ती त्यांनी तुला केली आहे. असे शब्द आयत्या वेळी सुचत नाहीत. ते दर रविवारी बाकावर बसून, कंटाळा आला तरी बसून, इतरांबरोबर मोठ्याने म्हटल्याने अंगी येतात. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की भेटीला जाण्याचा दिवस सोडू नकोस आणि भक्तीचा दिवसही सोडू नकोस. उपदेश लांबला तर लांबू दे. वेदीपुढच्या फरशीवर जो चक्रव्यूह आखलेला आहे म्हणून तू लिहिलेस, तिथे कधी चालायला मिळाले तर त्या बाईंसाठी चाल.

त्यांची हरकत नसेल तर त्यांचे फक्त पहिले नाव मला कळव. गुरुवारी आमच्या महिला मंडळाच्या प्रार्थनेत ते घेऊ. न्यायाधीशांपुढची तारीख कधी आहे आणि दुभाषी मिळाला की नाही, तेही लिही. दुभाष्याचा खर्च असेल तर मंडळातल्या बायका थोडे थोडे जमवून पाठवतील; मी त्यांना विचारून ठेवले आहे.

तुझी,
आई