रविवारची बैठक : सार्वजनिक आरोग्यातल्या वाटा

नमस्कार मंडळी,

आठवण करून देतोय, रविवारी सकाळी साडेदहाला नेहमीच्याच हॉलवर भेटायचंय. मागच्या वेळी निम्मे लोक थेट चहाच्या वेळेला उगवले होते, यंदा कृपा करा.

‘एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) केलं की थेट डब्ल्यूएचओत (जागतिक आरोग्य संघटनेत) नोकरी’ हे डोक्यातून काढून या. सुरुवात बहुधा उपकेंद्रात होते. लसीकरणाची नोंदवही जुळवताना, नाहीतर जुलाबाची साथ आलेल्या गावात विहिरीच्या पाण्याचे नमुने घेताना. ती तिथेच व्हावी, असं माझं मत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ते संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, पुढे तेच काम देशभरातल्या आशाताईंकडे गेलं.

बीएएमएस आणि बीएस्सी नर्सिंगवाल्यांनी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) पदाचे प्रश्न आणावेत. डॉक्टरांसाठी दिल्लीच्या एनसीडीसीचा (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा) दोन वर्षांचा ईआयएस हा साथींच्या तपासाचा प्रशिक्षणक्रम, बाकीच्यांसाठी ‘टिस’चं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) एमपीएच, यावर बोलू. संख्याशास्त्रवाले, तुम्हीही या. साथीत तुमचीच टंचाई असते.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा, वडापाव मोजून सांगायचेत.