'फंडाची सोय' करणाऱ्यांना जागा देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी तुमच्या अंकाची घडी उघडली आणि पुरवणीतून एक गुलाबी पत्रक मांडीवर पडलं. वर विमान, बाजूला लंडनचं घड्याळ आणि मधोमध ठळक अक्षरांत: 'हमखास स्टुडंट व्हिसा. आधी रिजेक्ट झाला असेल तरी या. फंडाची सोय केली जाईल.' खालचा मोबाइल नंबर मला वाचावा लागला नाही. गेल्या वर्षी त्याच नंबरवर मी स्वतः फोन केला होता.

पत्रकं पेपरवाले घालतात, त्यात तुमचा हात नसतो, हे मला ठाऊक आहे. पण त्याच अंकात आतल्या पानावर तळाला ह्याच मंडळींची चौकट होती. ती काही पेपरवाल्याने छापलेली नाही. म्हणून हे पत्र.

मी वाशीच्या दाणा मार्केटमध्ये एका गाळ्यावर मेहताजी, म्हणजे हिशेबनीस आहे, तीस वर्षं झाली. राहायला कोपरखैरण्यात, सिडकोने बांधलेल्या घरात. धाकट्या मुलीला इंग्लंडमध्ये लॉजिस्टिक्सचं एमएस्सी करायचं होतं. मालाची ने-आण आमच्या गाळ्यावर बसून फुकट शिकता येते, असं मी एकदा म्हणून पाहिलं. तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. प्रवेश मिळाला, विद्यापीठ लंडनबाहेरचं, आणि २०२५च्या उन्हाळ्यात आम्ही व्हिसाच्या मागे लागलो.

हिशेब सांगतो, कारण सगळी गंमत हिशेबातच आहे. कोर्सची फी १८,५०० पौंड, त्यातले ५,००० भरून झालेले. उरले १३,५००. शिवाय राहण्या-खाण्याचे नऊ महिन्यांचे पैसे, त्या वेळी लंडनबाहेर महिना १,१३६ पौंड दराने, म्हणजे १०,२२४. एकूण २३,७२४ पौंड. पौंड ११७ धरला तर पावणेअठ्ठावीस लाख रुपये. (नोव्हेंबरात तो १,१३६चा दर १,१७१ झाला. तेव्हा माझे आकडे बघून कोणी गणित मांडू नये, ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचे बघावेत.) हे पैसे खात्यात सलग २८ दिवस असले पाहिजेत आणि त्यातला शेवटचा दिवस अर्ज भरण्याच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. खातं मुलीचं नाहीतर आई-वडिलांचं. वडिलांचं असेल तर जन्माचा दाखला आणि 'माझे पैसे हिने वापरायला माझी हरकत नाही' असं पत्र जोडायचं. काका-मामाचं खातं चालत नाही.

एवढी रक्कम माझ्याकडे नव्हती. फोन केला तो म्हणूनच.

ऑफिस वाशी स्टेशनजवळच्या एका टॉवरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. एसी इतका की मुलीने ओढणी खांद्यावरून लपेटून घेतली. टेबलावर छोटे छोटे झेंडे, भिंतीवर पासपोर्ट हातात धरून हसणाऱ्या पोरांचे फोटो. समोर टाय लावलेला पंचविशीतला मुलगा. सल्ला फुकट म्हणाला. फुकट कसा, ते मला नंतर कळलं: विद्यापीठं एजंटांना कमिशन देतात. आमच्या बाजारात निदान आडत कोणाकडून घ्यायची ते ठरलेलं आहे. फळ-भाजी आणि कांदा-बटाट्यात २०१६पासून ती शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची. इथे गिऱ्हाइकाला आडत आहे हेच माहीत नसतं.

मी रकमेची अडचण सांगितली तर तो म्हणाला, "अंकल, फंडचं टेन्शन घेऊच नका. आमची पार्टी आहे."

पार्टी म्हणजे काय ते त्याने हलक्या आवाजात, पण अजिबात न लाजता सांगितलं. ते म्हणतील त्या बँकेत मुलीच्या नावाने खातं उघडायचं. एटीएम कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड आणि सह्या केलेले कोरे चेक त्यांच्याकडे ठेवायचे. पार्टी अठ्ठावीस लाख टाकणार, महिनाभर ठेवणार, बँकेचं पत्र मिळवून देणार आणि काम झालं की काढून घेणार. दर महिन्याला दीड टक्का. बेचाळीस हजार रुपये, आगाऊ. पैसे दिसणार आमचे, असणार त्यांचे. नियम २८ दिवसांचा, म्हणून भाडं महिन्याचं. नियम ९० दिवसांचा असता तर ह्यांनी तिमाहीचा दर काढला असता, एवढाच फरक.

खोटं कशाला सांगू, मी तीन दिवस विचार केला. एका बाजूला घर तारण ठेवून कर्ज, दुसऱ्या बाजूला बेचाळीस हजारांत काम फत्ते. आमच्याच सोसायटीतला एक मुलगा असाच फंड दाखवून गेलेला. त्याचा व्हिसा बिनबोभाट आला, हेही लिहायला हवं. त्याच्या वडिलांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "करून टाका, सगळे करतात." जानेवारीत फीचा पुढचा हप्ता आला तेव्हा त्यांना गावची दीड एकर विकावी लागली. पण तेव्हा, जुलैत, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही.

मला थांबवलं ते सचोटीने नाही, कॅल्क्युलेटरने. मी त्या टायवाल्याला विचारलं होतं की बाबा, दाखवले ते ठीक, पण खरी फी भरायची कुठून? तो म्हणाला, तिकडे पार्टटाइम करून निघते. घरी येऊन मी त्यांच्या तेव्हाच्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून पाहिलं. कॉलेज चालू असताना स्टुडंट व्हिसावर आठवड्याला २० तासच काम करता येतं. तिकडचा किमान दर तेव्हा तासाला १२.२१ पौंड. म्हणजे आठवड्याला २४४. साडेतेरा हजार जमायला पंचावन्न आठवडे लागतात, तेही दमडीचं न खाता, घरभाडं न देता. आणि कोर्स बावन्न आठवड्यांचा.

मुलीने दुसरी गोष्ट दाखवली. ती अर्ज ऑनलाइन भरत होती, मी मागे उभा. शेवटच्या पानावर दिलेली माहिती खरी असल्याचं लिहून द्यायचं असतं. ती म्हणाली, "बाबा, ह्यात त्या ऑफिसचं नाव टाकायला जागाच नाहीये. सगळीकडे मीच आहे." ब्रिटनचा नियम असा की अर्जात फसवणूक केल्याचं ठरलं तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं. कॅनडात पाच वर्षं. अमेरिकेत तर खोटं सापडलं की कायमचंच, माफी मिळाली तरच सुटका. २०२३मध्ये कॅनडातल्या कित्येक पंजाबी मुलांना कळलं की आपण ज्या प्रवेशपत्रावर इथे आलो ते एजंटाने दिलेलं पत्रच बनावट होतं. शिकून झालं, नोकरीला लागली आणि कायम राहायचा अर्ज करताना पकडली गेली. त्यानंतर कॅनडा सरकार प्रत्येक प्रवेशपत्र विद्यापीठाकडून पडताळून घेऊ लागलं. खात्यातली रक्कमही अशीच तपासता येते. एरवी सात-आठ हजार शिल्लक असलेल्या मुलीच्या नावावर एका दिवशी अठ्ठावीस लाख जमा. बाजारात कोणी अशी एंट्री माझ्यापुढे ठेवली तर मी पहिल्यांदा विचारीन, ही आली कुठून? तिकडचा अधिकारी विचारणार नाही असं आपण का समजायचं?

मग सरळ रस्ता धरला. तो लांबचा निघाला. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँकेने तारण मागितलं. तारण म्हणजे राहतं घर, आणि सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, म्हणून त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र. बेलापूरला खेपा झाल्या. वीस लाख मंजूर झाले. वरचे पावणेआठ लाख माझ्या बचत खात्यात दिसायला हवे होते. मुदतठेव मोडून, भविष्य निर्वाह निधीतून काढून मी सात लाख नव्वद हजार करून ठेवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला लागलो.

एकोणिसाव्या दिवशी मी गाळ्यावर तुरीच्या पट्ट्या लिहीत होतो, मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज. विम्याचा हप्ता, १८,६४०, आपोआप वळता. शिल्लक ७,७१,३६०. मला लागत होते ७,७५,७०८. तीस वर्षं दुसऱ्याचे हिशेब पैशापैशाने जुळवणाऱ्या माणसाला स्वतःचा विम्याचा हप्ता आठवला नाही! एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्याच दुपारी शेठजींकडून पगारापोटी पंचवीस हजार उचल घेऊन भरले, पण फुल्या वाया गेल्या त्या गेल्याच. शिवाय पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून काठोकाठ ठेवून भागत नाही, वर थोडी मोकळी रक्कम हवी, हा धडा मला एकोणीस दिवसांना पडला.

बाकीचं पटापट झालं. क्षयरोगाची तपासणी, छातीचा एक्स-रे, दाखला सहा महिने चालतो. व्हिसाची फी तेव्हा ५२४ पौंड होती. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला ७७६, पण कोर्स संपल्यावर मिळणारे चार महिने धरून दीड वर्षाचा घेतात, म्हणजे १,१६४. हा आकडा त्या एसी ऑफिसात कोणी उच्चारलाही नव्हता. बोटांचे ठसे देऊन आल्यावर अठराव्या दिवशी मेल आला. मुलगी सप्टेंबरात गेली.

सगळेच सल्लागार तसले नाहीत. ठाण्याला नौपाड्यात एका बाईंनी तीन हजार घेऊन आमचे सगळे कागद ओळीने वाचले आणि "ह्यात मी आणखी काही करण्यासारखं नाही, अर्ज तुमचा तुम्ही भरा" असं सांगून पाठवलं. त्यांची जाहिरात मला कधी कुठे दिसली नाही.

माझं म्हणणं दोन जागी आहे. एक सरकारकडे. परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३च्या कायद्याने केंद्राकडे नोंदणी करावी लागते. पंजाबने २०१२मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यात व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांनाही परवाना लागतो. मी वाशी-ठाण्यात फिरलो त्या तीन ऑफिसांच्या भिंतींवर गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला, सोडून कसलाही सरकारी कागद दिसला नाही. गुमास्ता तर आमच्या कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडेही आहे, आणि त्याच्याकडे निदान तेल बघता येतं.

दुसरं तुमच्याकडे. दहावी-बारावीचे निकाल लागले की तुमच्या पुरवण्या ह्या चौकटींनी भरतात. जाहिरातीवर वर्तमानपत्र चालतं हे मी समजतो, आमचाही धंदाच आहे. पण व्हिसा देणं-न देणं त्या त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या हातात असतं. 'हमखास' हा शब्द तिथे खोटा आहे हे जाहिरात विभागातल्या माणसाला समजायला फोनही करावा लागत नाही. आणि 'फंडाची सोय' म्हणजे काय, हे तुमच्या एखाद्या वार्ताहराने बाप म्हणून त्या नंबरवर फोन केला तर पाच मिनिटांत कळेल. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीखाली जोखमीची ओळ छापता ना? तशी इथे छापा, नाहीतर हे दोन शब्द असलेली जाहिरात घेऊ नका.

परवाचं पत्रक आणि गेल्या वर्षीचं, दोन्ही सोबत जोडली आहेत. नंबर एकच आहे, ताडून पाहावा. गेल्या वर्षीच्या पत्रकाच्या मागे पेन्सिलीने केलेली आकडेमोड माझी आहे. ती छापू नये, हातखर्च धरायचा राहिलाय त्यात.

आपला,
दाणा मार्केटमधील एक मेहताजी
कोपरखैरणे, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांसाठी वेगळ्या कागदावर)