वाढ्यांच्या गाडीबरोबर खनिज मिश्रणाचं पोतंही पाठवा

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

दुष्काळ पडला की सांगोला, माण या तालुक्यांकडे उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, गाड्या निघतात. 2019 च्या चारा छावण्यांतही ऊस आणि वाढे हाच मोठा आधार होता. वाढे वाईट चारा नव्हे. पण भर उन्हाळ्यात संकरित होल्स्टीन गाईपुढे नुसते वाढे टाकले, तर पोट भरूनही ती खंगते. चाऱ्याचा हिशेब फक्त किलोत धरतात, चूक तिथे होते.

वाढ्यांत ऑक्झलेट हे आम्लाचे क्षार भरपूर. ते पोटात कॅल्शियमला धरून बसते आणि कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. दुधातून लिटरमागे सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम तर रोजच जाते. मग 12 लिटरची गाय ते हाडांतून काढते. दूध उतरते, माज नीट दिसत नाही, व्याल्यावर गाय बसते ती उठत नाही. यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. शिंपडावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. लिटरभर निवळीत तो दोन ग्रॅमसुद्धा नसतो. म्हणून गाईला रोज 80 ते 100 ग्रॅम कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण हवेच. वाढे सुरू करतानाही आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावेत, म्हणजे कोठीपोटातले (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू ऑक्झलेट पचवायला सरावतात.

उन्हाचा त्रास वेगळाच. चोथट चारा आंबताना पोटातच उष्णता तयार होते. धापा टाकणाऱ्या गाईची लाळ जमिनीवर गळते, बायकार्बोनेट लघवीतून जाते आणि कोठीपोटातले आम्ल मारायला काही उरत नाही. त्यात पेंड एकदम दिली की अपचन ठरलेले. कुट्टी करून (बारीक कापून) दोन तृतीयांश चारा संध्याकाळ ते पहाट या वेळेत द्यावा, पेंड तीन-चार वेळा विभागून, सोबत 100 ग्रॅम खाण्याचा सोडा. पाणी दिवसाला 100 लिटरपर्यंत लागते आणि ते सावलीतले हवे.

गळीत हंगाम संपतो आणि चाऱ्याची खरी ओढ एप्रिल-मेमध्ये लागते. म्हणून वाढ्यांचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला चारा, हंगामातच करायला हवा. टनभर कुट्टीला 2 किलो गूळ, प्रत्येकी 1 किलो युरिया, मीठ आणि खनिज मिश्रण, 1 लिटर ताक. हवा राहणार नाही असे दाबून बॅगेत किमान 45 दिवस. दाबण्यात कसूर झाली की बुरशी धरते. आणि खरेदी करताना एक जपावे: वाढे विकून ऊसतोड मजुरांना चार पैसे मिळतात, ते त्यांच्याच हाती पडावेत.

वाढ्यांना जोड म्हणून दिल्या जाणाऱ्या खाद्यातही जपावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या बिअर कारखान्यांतल्या बार्लीच्या चोथ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असते. उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत बिघडतो. ओल लागलेल्या सरकी पेंडेत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष वाढते आणि ते दुधात उतरते. दुधासाठीची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे.

आमची मागणी अशी: छावणीच्या अनुदानात खनिज मिश्रण, सोडा आणि कुट्टी यंत्राच्या विजेची स्वतंत्र तरतूद करा, मुरघासाच्या बॅगांची खरेदी डिसेंबरपूर्वी उरका, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पेंडेची अफ्लाटॉक्सिन पट्टी-चाचणी मोफत करून द्या.

आपले,
पशुआहाराचे काम करणारे पशुवैद्यक व दूध उत्पादक